वेचणीच्या हंगामात काट्यापाशी आलेल्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली तेव्हा शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली आणि खरं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून आता चारचौघांत लिहिते.

कापूस फुटला की आपल्या शाळेतले वर्ग अर्धे रिकामे व्हायचे. पोरं मायसोबत वावरात. आधीचे गुरुजी रागवायला घरी यायचे, तोवर घरांना कुलपं. तुम्ही संध्याकाळी थेट धुऱ्यावर, कापूस तोलायच्या काट्यापाशी आलात. मजुरी किलोवर, पोरीनं ओटीत जमवलेला कापूस मायच्याच गाठोड्यात जातो, वहीत नाव एकट्या मायचं. चौथीतल्या एकीची बोटं तुम्ही हातात घेऊन पाहिली. बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडा सोलल्या होत्या. तरी तिच्या मायवर तुम्ही रागावला नाहीत. "ही नसली तर किती किलो कमी भरतील?" एवढंच विचारलंत.

"किलोचं जाऊ द्या बाई, पण धाकट्याले कोन पाहीन?"

दुसऱ्या दिवसापासून ती पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन वर्गात बसू लागली. तपासणीला आलेल्या साहेबांना ते रुचलं नाही. तुम्ही ऐकून घेतलंत आणि तसंच चालू ठेवलंत.

आणि तो चॉकलेटचा तास! कोणाच्या तरी वाढदिवसाची चॉकलेटं वाटली गेली आणि तुम्ही फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढलात. माझ्या पोरानं रात्री जेवताना सगळं ऐकवलं. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथं २०१८-१९ च्या हंगामात १५ लाखांवर मुलं कोकोच्या कामात होती. कोयत्यानं फळं फोडायची, ओझी वाहायची. बहुतेक घरच्याच शेतात, म्हणजे त्यांचंही नाव कुठल्या वहीत नाही. मोठ्या कंपन्यांनी २००१ साली सह्या केल्या, की २००५ पर्यंत घातक बालमजुरी नसल्याचा दाखला देता येईल अशी पद्धत उभी करू. ते २००८ वर गेलं. मग ठरलं, २०२० पर्यंत सत्तर टक्के कमी करू. तेही झालं नाही. (आपल्या नाल्यावरच्या पुलाच्या तारखा बऱ्या म्हणायच्या.)

पोरानं तुम्हाला विचारलं होतं म्हणे, "त्यांची वेचणी कधी संपते?" मोठा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, असं तुम्ही सांगितलंत. म्हणजे आपल्या कापसाचेच दिवस! त्या रात्री तो बराच वेळ गप्प होता.

पालकसभेत तुम्ही बालमजुरीचा २०१६ चा दुरुस्त कायदा वाचून दाखवलात. घरच्या शेतात मदत चालते, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत. दुसऱ्याच्या वावरात चौदाच्या आतलं पोर मुळीच नाही. मग म्हणालात, नुसत्या कायद्यानं भागत नाही, मायच्या हातात पैसा पडायला हवा. त्या दोन देशांनीही २०२०-२१ च्या हंगामापासून कोकोच्या टनामागे ४०० डॉलर जादा मागितले, ते शेतकऱ्याच्या घरात भाव पोचावा म्हणूनच.

आता इकडची खबर. धाकट्यांना शाळेच्या व्हरांड्यात दोन म्हाताऱ्या सांभाळतात, ते समितीनं टिकवलंय. वेचणीचा दर मात्र वाढवून घेता आला नाही. वावरवाले म्हणतात, कापसालाच भाव नाही तर तुम्हाला कुठून देऊ? तेही खोटं नाही.

सीतादहीला, आपल्या कापसाच्या वावरातल्या पूजेला या, बाई. त्या दिवशी मजूर आणि मालक दोघंही वावरात असतात. दराचं बोलणं तुमच्यासमोरच काढू.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीतली एक माय
ता. केळापूर, जि. यवतमाळ