उजवीकडून वाचायचं पुस्तक

मा. संपादक,
जपानी कॉमिकमधल्या पुरुष-पुरुषांच्या प्रेमकथांनी मुली बिघडतात, असं पत्र आपल्या अंकात वाचलं. माझी नात त्याच वाचते. परवा कापसाच्या गंजीला टेकून बसली होती. जपानी कॉमिक उजवीकडून वाचतात; मी आपल्यासारखं डावीकडून उघडलं तर म्हणे, "आजी, उजवीकडून वाच न वो!" तिनं इंग्रजी भाषांतराचं मराठी करून सांगितलं.

या कथा बहुतेक बायकांनीच रचल्या. केइको ताकेमिया यांची 'काझे तो की नो उता' १९७६ मध्ये मुलींच्याच साप्ताहिकात सुरू झाली. काहींत जबरदस्तीलाच प्रेम म्हटलंय. ते मला खटकलं, नातीला तसं बोललेही.

पण गेंगोरो तागामे यांची 'ओतोतो नो ओत्तो', म्हणजे 'भावाचा नवरा', पत्रलेखकांनी जरूर वाचावी. याइचीच्या वारलेल्या जुळ्या भावाचा कॅनडातला नवरा दारात उभा राहतो आणि या पाहुण्याला काय म्हणावं तेच याइचीला सुचत नाही. याइचीची लहानगी लेक काना मात्र पाहुण्याला लगेच आपलंसं करते.

माझ्या माहेरी दोन सालदार आयुष्यभर एकाच खोपडीत राहिले. एक गेला तेव्हा दुसऱ्याला भेटायला कोणी गेलं नाही. मीही नाही.

— एक आजी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ