मोत्याच्या जागी

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो काल रात्री आधी फोनवर पाहिला, मग चष्मा लावून पाहिला, मग लॅपटॉपवर मोठा करून. डोक्याला घट्ट बांधलेली निळी ओढणी, मागे सोडलेलं पिवळं टोक, पाठीमागे काळी चादर आणि डाव्या खांद्यावरून वळून बघणारी तू. डच चित्रकार व्हर्मीरच्या ‘गर्ल विथ अ पर्ल इअररिंग’ या चित्रातल्या मुलीच्या कानात जिथे मोती आहे, तिथे तुझं कानाचं मशीन. कानामागून येणाऱ्या त्या पारदर्शक नळीवर खिडकीच्या उजेडाची बारीक रेघ पडली आहे. खाली तू लिहिलं होतंस, ‘वर्गात काहीजण म्हणाले, ही थोर चित्राची थट्टा आहे. स्पर्धेला पाठवू की नको?’

फोनवर बोलताना माझं निम्मं राहून जातं, म्हणून लिहिते आहे.

थट्टा म्हणणाऱ्यांच्या मनात बहुतेक असं असतं, की मूळ चित्र एकदा काय ते ठरून गेलंय, त्याला आता कुणी हात लावू नये. पण ही मुलगी तशी कधी नव्हतीच. व्हर्मीरनं तिला १६६५च्या सुमारास रंगवलं. १८८१ साली नेदरलँड्समधल्या हेगच्या लिलावात ती दोन गिल्डर (तेव्हाचं डच चलन) आणि वर तीस सेंट एवढ्याला विकली गेली. तोवर दोनशे वर्षं उलटली होती आणि तिला ओळखणारे फार थोडे होते. ज्यांनी ती घेतली त्यांनी मृत्युपत्रात ती माउरित्सहाउस संग्रहालयाला ठेवली, म्हणून ती आज आपल्याला दिसते. तिचं नावसुद्धा व्हर्मीरनं दिलेलं नाही. कितीतरी वर्षं तिला फेटेवाली मुलगी म्हणत. मोत्याचं नाव मागाहून रुळलं. ती कुणा एका बाईची तसबीरही नाही म्हणे. एक चेहरा, एक वळण, एवढंच रंगवायचा तो प्रकार होता.

आता तुझ्या काळ्या चादरीबद्दल. २०१८ साली संग्रहालयातल्या जाणकारांनी चित्र भिंतीवरून उतरवून रंगांच्या थरांपर्यंत तपासलं. दोन वर्षांनी त्यांनी सांगितलं, की ती काळोखासमोर बसलेलीच नव्हती. तिच्यामागे हिरवा पडदा होता, घड्या पडलेला. नीळ आणि एका झाडापासून काढलेला पिवळा रंग यांचा तो पातळ थर साडेतीनशे वर्षांत विटला आणि पडदा अंधारात विरून गेला. जगभर लोक तिची नक्कल करताना मागे काळं लावतात, ते व्हर्मीरनं केलेलं नाही, काळानं केलेलं आहे. तिला बारीक पापण्या होत्या, त्याही आता डोळ्यांना दिसत नाहीत. आणि तो मोती! तो कानात अडकवायला आकडाच रंगवलेला नाही. पांढऱ्या रंगाचे मोजके फटकारे आहेत, बाकी सगळं आपले डोळे पुरं करतात. हे वाचल्यावर मी तुझा फोटो पुन्हा उघडला. तुझ्या कानातली वस्तू मात्र खरोखर अडकवलेली आहे, दिवसाचे चौदा तास.

म्हणून जुन्या चित्राची केलेली प्रत्येक नक्कल सरसकट चांगलीच, असं मी म्हणणार नाही. क्यूबाचा फोटोग्राफर कॉर्दा यानं हवानामध्ये ५ मार्च १९६० रोजी काढलेला क्रांतिकारक चे गव्हेराचा फोटो घे. एका जहाजावरच्या स्फोटात मेलेल्यांसाठी भरलेली ती शोकसभा होती, आणि चे समोरच्या गर्दीकडे बघत होता. १९६८ साली एका आयरिश चित्रकारानं त्याचं लाल-काळं पोस्टर केलं आणि तिथून तो टीशर्टवर आला, कपांवर आला. पुढे व्होडकाच्या जाहिरातीत दिसला तेव्हा कॉर्दा कोर्टात गेला. मिळालेले पैसे त्यानं क्यूबाच्या आरोग्यसेवेला देऊन टाकले. मला त्याचं पटतं. चेहरा तोच राहिला होता, पण तो ज्यांच्याकडे बघत होता ती माणसं चित्रातून गेली होती.

मग चांगलं कशाला म्हणायचं? मला अमेरिकन फोटोग्राफर गॉर्डन पार्क्सचा एक फोटो आठवतो. त्याआधी अमेरिकन चित्रकार ग्रँट वुडचं ‘अमेरिकन गॉथिक’ डोळ्यासमोर आण: हातात गवत उचलायचा तीन दातांचा काटा उभा धरलेला म्हातारा, शेजारी बाई, मागे टोकदार खिडकीचं पांढरं घर. हे १९३० सालचं चित्र. बाई म्हणून वुडची बहीण उभी राहिली, म्हातारा म्हणून त्याचा दातांचा डॉक्टर; तेही एकत्र नाही, वेगवेगळे. चित्र जिथलं आहे त्या अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या कितीतरी लोकांना पहिल्यांदा राग आला, आपली टर उडवली म्हणून. मग मंदीची वर्षं आली आणि त्याच दोन ताठ चेहऱ्यांत लोकांना आपली चिकाटी दिसू लागली. चित्र होतं तिथेच होतं, बघणाऱ्यांचे दिवस फिरले होते.

१९४२ साली पार्क्स वॉशिंग्टनला आला. काळा माणूस म्हणून त्या शहरानं त्याला कसं वागवलं ते त्यानं सोसलं, आणि सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांना अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभं केलं. एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा मॉप. काट्याच्या जागी झाडू, घराच्या जागी झेंडा. उभं राहण्याची पद्धत तीच आणि नजरही तशीच सरळ. वुडचं चित्र माहीत असलेल्या माणसाला तो फोटो बघताना कळतं, की त्या पांढऱ्या घरासमोर कोणाला कधी जागाच नव्हती. मूळ चित्राचा अपमान झाला का यात? उलट त्या फोटोनंतर मी वुडचं चित्र जास्त वेळ बघू लागले.

पार्क्सनं काय ठेवलं आणि काय काढलं, हे तू एकदा वहीत लिहून बघ. माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. तू वळलेली मान ठेवलीस, किंचित उघडे ओठ ठेवलेस, डावीकडून येणारा उजेड ठेवलास. बदललीस एकच गोष्ट, आणि ती दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

२०२३ साली व्हर्मीरचं चित्र काही आठवडे दुसऱ्या संग्रहालयात गेलं, तेव्हा माउरित्सहाउसनं लोकांकडून त्यांची त्यांची मोतीवाली मुलगी मागवली होती. साडेतीन हजारांच्या आसपास आल्या. भिंतीवर लावायला निवडलेल्यांत एक एआयनं तयार केलेली होती, आणि त्यावरून कलावंत बरेच चिडले. मी ती पाहिली आहे, सुबक आहे. पण तिच्यासाठी मान वळवून, श्वास रोखून कुणी बसलं नव्हतं.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही. आज सकाळी मी जुने अल्बम काढले. तुला मशीन लागलं तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तिथून दहावीपर्यंतच्या प्रत्येक फोटोत तुझे डावीकडचे केस कानावर ओढलेले आहेत. ते मी ओढत असे. फोटो काढणारा ‘रेडी?’ म्हणाला की माझा हात आपोआप तुझ्या कानाकडे जायचा. तू एकदा, सातवीत असशील, विचारलं होतंस, ‘असं का करतेस?’ मी म्हणाले, ‘केस विस्कटलेत.’ ते विस्कटलेले नव्हते, सई. मला माफ कर.

फोटो पाठव. बरोबर चार ओळींचं टिपण लागणार असेल तर त्यात चित्राचा इतिहास भरू नकोस. मशीन कोणत्या वर्षी लागलं एवढं लिही. आणि मुदतीला अजून दिवस असतील तर पुन्हा एकदा काढ. चादर काढून मागे हिरवा पडदा लावून बघ, रंग गडद असू दे. उजेड आहे तसाच हवा. फक्त ओढणीची कड थोडी कानावर येते आहे, ती मागे घे.

तुझी,
आई