जुने पार्ट दाखवा, मगच बिल लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात रस्ते, खड्डे, ट्रॅफिक यावर रोज पत्रं येतात, मी पण वाचते, पण त्या खड्ड्यांतून गेल्यावर गाडी जिथे जाते त्या जागेबद्दल फारसं कोणी लिहीत नाही म्हणून आज मी लिहायला बसले. मी धायरीत राहते, नोकरी हडपसरला, रोज स्वतः गाडी चालवते. गाडी पाच वर्षांची, 46 हजार किलोमीटर झालेली, वॉरंटी संपलेली. पहिल्या दिवसापासून सर्व्हिसिंग कंपनीच्या ऑथोराइज्ड शोरूमच्या वर्कशॉपलाच केलंय, एकही चुकवलं नाही. शोरूमचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण तक्रार दाखल करायची आहे आणि माझा मुद्दा एका शोरूमपुरता नाहीच.

पावसाळा संपता संपता गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूने खटखट आवाज यायला लागला. वेगात नाही, हळू चालवताना, सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर, पेव्हर ब्लॉकचा रस्ता, अशा ठिकाणी. सर्व्हिसिंगची तारीखही आलीच होती म्हणून सकाळी साडेनऊला गाडी घेऊन गेले. सर्व्हिस अॅडव्हायझरने पहिला प्रश्न काय विचारला, तर "सर आलेत का?" म्हटलं नाही, गाडी मीच चालवते, आवाज मला येतो, चला माझ्यासोबत एक राउंड मारू या. ट्रायलला कोणी आलं नाही. जॉब कार्डवर "फ्रंट साइड नॉइज" एवढं लिहून सही घेतली आणि दुपारी फोन आला की मॅडम सस्पेन्शन गेलंय, दोन्ही शॉकअप (खड्ड्यांचे धक्के शोषणारे), माउंट, दोन्ही लोअर आर्म बदलावे लागतील, नाहीतर गाडी चालवणं सेफ नाही. सेफ नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? माझी 74 वर्षांची आई दर महिन्याला माझ्यासोबत वाईला जाते. मी फोनवर हो म्हणून टाकलं. ती माझी चूक, ती मी मान्य करते.

बिल झालं 32,740 रुपये. त्यातले 24,900 सस्पेन्शनचे, 3,690 ऑइल, फिल्टर वगैरे नेहमीच्या सर्व्हिसिंगचे, आणि 4,150 रुपये इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन आणि पेट्रोलच्या टाकीत ओतायची एक बाटली यांचे. या शेवटच्या चार गोष्टींबद्दल मला विचारलंच नव्हतं. घरी येऊन गाडीचं मॅन्युअल काढलं, त्यात किती किलोमीटरला काय करायचं याचा पूर्ण तक्ता असतो (सगळ्यांनी एकदा तरी बघावा), त्या तक्त्यात या चारपैकी एकही काम नाहीये.

आणि खटखट? ती शोरूमच्या गेटमधून बाहेर पडतानाच आली. तोच आवाज, तीच बाजू. वर नवीन भानगड म्हणजे स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. परत गेले तर सांगितलं, नवीन पार्ट आहेत मॅडम, सेट व्हायला पाचशे किलोमीटर लागतात. मी पाचशे किलोमीटर चालवली. दुसऱ्यांदा गेले तर म्हणे आता स्टिअरिंग रॅक बघावा लागेल, अंदाजे 18 हजार. तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला.

त्याच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन वाईहून येताना खेड शिवापूरच्या अलीकडे टायर पंक्चर झालं, रात्रीचे साडेआठ, अंधार, बाजूने ट्रक जातायत. स्टेपनी आहे, जॅक आहे, पाना आहे, मला टायर बदलता येतो, मी आधी बदललाय. पण व्हील नट हलेना. मी पान्यावर उभी राहिले तरी हलेना. शेवटी एका ट्रकवाल्या दादांनी त्यांचा लोखंडी पाइप पान्याला लावून एक एक नट सोडवला, त्यातल्या एका नटाचे आटे गेलेले निघाले. ते म्हणाले हे एअर गनने नुसते मारलेत, हाताने बघितलेच नाहीत. व्हील नट किती घट्ट करायचे याचा ठरलेला आकडा असतो, त्यासाठी टॉर्क रेंच असतो, आणि ऑथोराइज्ड वर्कशॉपला त्या कामासाठीच आपण जास्तीचे लेबर चार्जेस देतो ना? चाळीस मिनिटं आई रस्त्याच्या कडेला बॅरिकेडपलीकडे उभी होती. पैशांचं एक वेळ सोडून देईन पण ती चाळीस मिनिटं मी सोडणार नाही.

घराजवळ वडगावला एक छोटं गॅरेज आहे, काका आणि त्यांचा पुतण्या दोघंच असतात. काका आधी माझ्या शेजारी बसले, म्हणाले ताई चालवा, तुम्हाला आवाज येतो तिथेच न्या. दोन स्पीडब्रेकर झाल्यावर म्हणाले लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधला एक छोटा जोडदांडा. गाडी वर घेऊन चाक काढलं, रॉड हाताने हलवून दाखवला, बॉल जॉइंट ढिला झालेला, माझ्या हातात देऊन म्हणाले तुम्हीच हलवून बघा. खटखट माझ्या हातात होती! दोन्ही बाजूचे लिंक रॉड 1,300 रुपये, मजुरी 300. मग पुढच्या चौकात अलाइनमेंट केलं, आधीचे आणि नंतरचे आकडे छापलेला कागद मिळाला, त्यात पुढच्या चाकांचा टो (चाकं सरळ रेषेपासून आत-बाहेर किती वळली आहेत ते माप) स्पष्टपणे बाहेर गेलेला दिसतो. शोरूमच्या बिलात अलाइनमेंटचे पैसे लावलेत, कागद मात्र दिला नाही, मागितल्यावर प्रिंटर बंद होता म्हणाले. त्या दिवसापासून आवाज बंद, गाडी सरळ.

आता यातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट सांगते. काकांनी समजावलं की माझ्या गाडीत लिंक रॉडचं वरचं टोक शॉकअपलाच बोल्ट केलेलं असतं, म्हणजे शॉकअप बदलायचा तर लिंक रॉड सोडावाच लागतो. म्हणजे वर्कशॉपमधल्या माणसाने तो ढिला रॉड दोन्ही बाजूंना स्वतःच्या हाताने सोडवला आणि तसाच परत नवीन शॉकअपला लावून टाकला. त्याला कळलं नाही असं मी कसं मानू, आणि कळलं नसेल तर मग ट्रेन्ड टेक्निशियन म्हणून बोर्ड कशाचा लावलाय.

मी वर्क्स मॅनेजरला भेटले, बिल, अलाइनमेंटचा कागद, सगळं पुढे ठेवलं. ते म्हणाले तुमचे जुने शॉकअप लीक होते. म्हटलं दाखवा. तर म्हणे स्क्रॅपला गेले. फोटो? नाही काढले. शॉकअप गेला की त्यातून ऑइल गळतं, अंगावर ओघळ दिसतात, गाडी खड्ड्यातून गेल्यावर डुलत राहते, माझी गाडी कधीच डुलत नव्हती. पण हे मी आता सिद्ध कसं करू? माझ्या पैशाने घेतलेल्या गाडीचे पार्ट, मला न विचारता भंगारात गेले आणि त्यांच्यासोबत माझा पुरावाही गेला. शेवटी मॅनेजरने काय ऑफर दिली तर पुढच्या सर्व्हिसिंगला लेबरमध्ये 10 टक्के डिस्काउंट.

आणि तो अॅडव्हायझर मुलगा, पंचवीस-सव्वीसचा असेल, तो मला पार्किंगपर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला मॅडम, कंपनीचा फीडबॅक कॉल येईल, प्लीज दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा इन्सेन्टिव्ह कापतात. मला त्याचा राग नाही आला, वाईट वाटलं. फ्लश, क्लीनिंग, बाटल्या यांचं महिन्याचं टार्गेट त्याच्या डोक्यावर असतं असं तोच म्हणाला. आजाराचं निदान करण्यापेक्षा बिल मोठं करण्याचे पैसे ज्याला मिळतात तो माणूस गाडीखाली जाऊन बघेल कशाला? राग आहे तो हे टार्गेट लावणाऱ्यांचा.

बरेच जण म्हणतात, बाहेरच्या गॅरेजला का नाही नेली आधीच. कारण वॉरंटी असतानाच भीती घातलेली असते, बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली, आणि ती संपल्यावरही सवय तीच राहते. 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना न मिळू देण्यावरून 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड लावला होता, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्या कारणावर सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका असंही त्यात म्हटलं होतं. ते प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण काउंटरवर मात्र हीच भीती आजही ऐकवली जाते, माझ्यासारख्यांना, ज्यांना बॉनेटखालचं फार काही कळत नाही.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, शोरूम आणि कंपनी दोघांना पोस्टाने नोटीस पाठवली आहे, सस्पेन्शनचे आणि न विचारता केलेल्या चार कामांचे मिळून 29,050 रुपये परत मागितलेत, पंधरा दिवस दिलेत. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी ही तक्रारीची बाब आहे, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, ऑनलाइनही दाखल होते. 1974 साली ज्या पुण्यात ग्राहक पंचायत उभी राहिली त्या पुण्यात आपण बिल बघून चरफडत घरी येतो आणि गप्प बसतो, मला हे पटत नाही.

माझी मागणी फार मोठी नाहीये. पार्ट बदलण्याआधी गाडी रॅम्पवर असताना मालकाला, समोर किंवा व्हिडिओवर, बिघाड दाखवा. एस्टिमेटला लेखी होकार घ्या, मेसेजवर चालेल. आणि काढलेला जुना पार्ट बिलासोबत गाडीच्या डिकीत ठेवा, तो भंगारात द्यायचा की नाही हे मालक ठरवेल. वडगावच्या दोन माणसांच्या गॅरेजला हे जमतं तर काचेच्या शोरूमला का जमू नये? परिवहन खात्याने आणि कार कंपन्यांनी हे सक्तीचं करावं, आणि तोपर्यंत वाचकांनी जॉब कार्डवर सही करताना स्वतःच्या हाताने तिथे लिहावं, "जुने पार्ट परत हवेत". मी मागच्या आठवड्यात मैत्रिणीच्या गाडीच्या वेळी लिहायला लावलं, अॅडव्हायझर थोडा थबकला, आत जाऊन आला, आणि एस्टिमेटमधले ब्रेक डिस्क निघून गेले, फक्त ब्रेक पॅड राहिले.

माझे जुने लिंक रॉड काकांनी मला दिलेत, ते मी बिलासोबत पिशवीत बांधून ठेवलेत. नोटिशीचे पंधरा दिवस येत्या शुक्रवारी संपतात. ज्या वाचकांना असा अनुभव आलाय त्यांनी कृपया बिलं फेकू नका आणि आपल्या पेपरला लिहा.

आपली नम्र,
एक वाचक, धायरी, पुणे