हॅरोच्या शेजाऱ्यांचे जाहीर आभार

लंडनच्या वायव्येकडील हॅरो या उपनगरात १९५० आणि १९६०च्या दशकांत आम्हा भावंडांचे बालपण ज्यांच्यामुळे सुखाचे झाले, पण ज्यांची नावे विचारण्याचे तेव्हा सुचले नाही, त्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानते. शाळेत फुकट मिळणाऱ्या एक तृतीयांश पाइंट दुधाच्या बाटल्या गोठल्या, की त्या उबेला ठेवणाऱ्या बाई. डिसेंबर १९६२च्या दाट धुरक्यात टॉर्च घेऊन बसपुढे चालणारे कंडक्टर. आणि त्याच नाताळात पडू लागलेला बर्फ मार्चपर्यंत हटेना, तेव्हा खांद्यावरचे पोते खाली ठेवून आमच्या दारापर्यंतची वाट आधी फावड्याने मोकळी करणारे व त्याचे पैसे घेण्यास साफ नकार देणारे कोळसेवाले, या सर्वांची मी ऋणी आहे. फोडणीच्या वासाने नाक मुरडणारेही होते; त्यांचा विषय येथे नको. सार्वजनिक ग्रंथालयातील ज्या बाईंनी इंग्रजी न येणाऱ्या माझ्या आईला, तिच्या नऊवारीकडे टक लावून न पाहता, चित्रांची पाकपुस्तके काढून दिली, त्यांचे आभार आईच्या वतीनेही मानते.