जंगलाला वर्गणी द्यायचीय, कुठं देऊ? वनमंत्र्यांना पुण्याहून खुलं पत्र

मा. वनमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात कोथरूडला राहतो. इथं माझ्यासारखी हजारो माणसं आहेत ज्यांना सुट्टी मिळाली की जंगलाची ओढ लागते, कुणी भीमाशंकरला शेकरू बघायला जातं, कुणी सुप्याला चिंकारा बघायला, ज्यांना जमतं ते नागपूरची गाडी पकडून ताडोबा नाहीतर पेंच गाठतात. परत आल्यावर यातल्या कित्येकांना मनापासून वाटतं की या जंगलासाठी आपणही चार पैसे द्यावेत. साहेब, माझं मागणं एवढंच आहे की ते पैसे द्यायची सरळ आणि विश्वासाची सोय सरकारनं करून द्यावी, आणि दिलेल्या पैशाचा हिशोब लोकांना दिसावा.

वर्गणी काढणं आपल्याला काही नवीन नाही. अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंड काढला होता, माणशी एक पैसा, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि त्या पैशापैशातनं १९०८ साली इथं जवळच तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. परक्याचं राज्य असताना लोकांनी एवढं केलं, तर आज आपलं सरकार असताना जंगलासाठी का नाही करणार?

बाहेरच्या देशांत तर नॅशनल पार्कला लोकवर्गणीचा मोठाच आधार आहे. अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्स म्हणून पार्क आहे, तिथली जमीन लाकूडतोड कंपन्यांची आणि शेतकऱ्यांची होती, ती विकत घ्यायला दोन राज्यांनी पैसे घातले, लोकांनी घातले, शाळेतल्या पोरांनी सुद्धा खाऊची नाणी गोळा केली आणि रॉकफेलर घराण्यानं ५० लाख डॉलर दिले, मग १९३४ ला पार्क झालं. त्यात बरीच कुटुंबं घरादारातनं उठली हेही तितकंच खरं, ते विसरून चालणार नाही. पुढं १९६७ ला तिथल्या संसदेनं नॅशनल पार्क फाउंडेशन काढलं, म्हणजे लोकांचे पैसे रीतसर घेऊन पार्ककडं पोचवणारी एक अधिकृत संस्था. आणि आपल्याकडं? १९७३ ला प्रोजेक्ट टायगर सुरू झालं, पहिल्या ९ प्रकल्पांत आपलं मेळघाट होतं, आणि त्या कामासाठी डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या जागतिक संस्थेनं जगभरातनं १० लाख डॉलर उभे करायचं मनावर घेतलं होतं. म्हणजे आपल्या वाघांच्या मागंही सुरुवातीपासून देणगीचा पैसा आहेच.

कायदाही आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली आणि कलम ३८-एक्स आलं, त्यानुसार व्याघ्र प्रकल्पांसाठी टायगर कन्झर्व्हेशन फाउंडेशन काढायचं, गेटवरचा पैसा त्यात फिरवायचा, बाहेरनंही मदत मिळवायची, आणि आसपासच्या गावांना सोबत घेऊन कामं करायची. आपल्या राज्यात नॅशनल पार्क ६ आहेत, त्यातली ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल आणि चांदोली ही पाच व्याघ्र प्रकल्पांतच मोडतात, म्हणजे बोरिवलीचं संजय गांधी सोडलं तर बाकी सगळ्यांना या कलमाचा आधार आहे. बोरिवलीला प्राणी दत्तक घ्यायची योजना आहे, तीही चांगलीच आहे. मग अडतंय कुठं? अडतंय ते शेवटच्या टप्प्यात, सामान्य माणूस आणि फाउंडेशन यांच्या मधे.

आमच्या सोसायटीचंच सांगतो. गणपतीच्या वर्गणीतनं थोडे पैसे उरले होते, सगळ्यांनी ठरवलं की डेकोरेशनवर अजून खर्च नको, हे जंगलातल्या पाणवठ्याला देऊ. एका व्याघ्र प्रकल्पाच्या ऑफिसला फोन केला तर एकानं दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्यानं मेल करा म्हणून सांगितलं, मेलला उत्तर आलं नाही, शेवटी ओळखीतनं खातं मिळालं, पैसे भरले, पण पावती आली ती नुसती रकमेची. पाणवठा कुठला, झाला का नाही, काही पत्ता नाही. पुढच्या वर्षी मीटिंगमधे परत विषय काढला तर एक आजी म्हणाल्या, "अरे मागच्या पैशांचं काय झालं ते सांग आधी." त्यावर माझ्याकडं सांगायला काही नव्हतं. पैसे कुणी खाल्ले असा माझा बिलकुल आरोप नाही, काम झालंही असेल, पण ते आम्हाला कळलं असतं तर तीच आजी सगळ्यात आधी पैसे काढून देणारी आहे.

आणि या पैशाचं जंगलात काय होतं ते मी बघितलंय म्हणून एवढं लिहितोय. उन्हाळ्यात नैसर्गिक पाणी आटतं तेव्हा सिमेंटच्या बशीत पाणी सोडावं लागतं. टँकर असेल तर तो कच्च्या रस्त्यानं आत जाणार, गार्ड आणि मजूर पाइप धरून उभे राहणार, बशी भरली की पुढच्या बशीकडं, असं दिवसभर, आणि टँकर नाही आला तर त्या दिवशी बशी कोरडी. तिथंच बोअर मारून सोलर पंप बसवला की ऊन असेल तोवर पाणी आपोआप पडत राहतं, टँकरचं डिझेल वाचतं आणि जनावरांना गाडीचा त्रास नाही. पण साहेब, पंप बसवायला देणगीदार मिळतो, कारण त्याच्यावर नावाची पाटी लावता येते, तोच पंप बंद पडला की दुरुस्तीला कुणी मिळत नाही. तसंच संरक्षण कुटीचं, म्हणजे जंगलात आत गस्तीवाल्यांना राहायला असलेल्या खोलीचं. कुटी बांधून देतील, पण तिथं राहणाऱ्या रोजंदारीच्या मजुराला पावसाळ्याचे बूट, बॅटरी, रेनकोट, साप चावला तर दवाखान्यापर्यंत न्यायला गाडी, वणव्याच्या दिवसांत आग पसरू नये म्हणून जाळरेषा काढायला आणि पाला उडवणारे ब्लोअर चालवायला माणसं, हे कोण देणार? जंगल टिकतं ते रोज पायी गस्त घालणाऱ्या या माणसांमुळं, आणि सगळ्यात कमी पैसा त्यांच्याच वाट्याला येतो, हे मला फार लागतं.

म्हणून छोट्या वर्गणीचं महत्त्व. कंपन्यांचा सीएसआर आहेच, २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्याला द्यावे लागतात आणि त्यात झाडं-प्राण्यांचं रक्षण बसतं, हिंजवडी-चाकणच्या कंपन्यांकडनं तो जरूर घ्या. पण कंपनीचा प्रोजेक्ट वर्षा-दोन वर्षांचा असतो, तिला उद्घाटनाचा फोटो लागतो. दर महिन्याला शंभर रुपये देणाऱ्या माणसाला पाटी नको असते, त्याचे पैसे बुटांना आणि पंपाच्या दुरुस्तीला वापरता येतात.

तेव्हा हात जोडून काही गोष्टी मागतो. सफारीचं ऑनलाइन बुकिंग करताना शेवटी "जंगलासाठी ५० रुपये जास्त" असा पर्याय ठेवा, द्यायचे त्यानं द्यावेत, सक्ती नको. प्रत्येक फाउंडेशनचं एक यूपीआय खातं सगळीकडं जाहीर असू दे आणि करसवलतीची पावती लगेच मोबाईलवर येऊ दे. कुठल्या परिक्षेत्रात काय हवंय त्याची यादी मराठीत लावा, आणि वर्षाच्या शेवटी किती आले, कशावर खर्च झाले ते फोटोसकट टाका, ऑडिट रिपोर्ट सुद्धा. भीमाशंकर, सुपे अशी जी अभयारण्यं व्याघ्र प्रकल्पात येत नाहीत त्यांच्यासाठीही असंच एखादं खातं काढा, कारण पुणेकराचं रोजचं जंगल तेच आहे. जमलेल्यातला ठरलेला वाटा बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या कडेच्या पट्ट्यातल्या गावांना जाऊ दे, ज्यांची गुरं वाघ-बिबट्या नेतो आणि ज्यांच्या पिकात रानडुकरं शिरतात, जंगलाची खरी किंमत तेच मोजतायत.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगतो. लोक पैसे देतायत म्हणून सरकारी तरतूद एक रुपयानंही कमी करू नका. पगार, भरती, नुकसानभरपाई, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे, ती देणगीवर ढकलायची नाही, लोकांचा पैसा त्याच्या वर पडला पाहिजे. तसं लेखी आश्वासन द्या, म्हणजे लोक बिनघोर देतील.

हे करायला नवा कायदा लागत नाही, तुमच्या खात्याचा एक आदेश पुरेसा आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तो जाहीर केलात तर उन्हाळ्यात बशा कोरड्या पडायच्या आधी पैसे पोचतील. आमच्या भागात रिटायर झालेले बँकवाले आणि काही सीए आहेत, हिशोब ठेवायला आणि तपासायला ते फुकट वेळ द्यायला तयार आहेत, माझं त्यांच्याशी बोलणं झालंय. तुमच्या ऑफिसनं फक्त कुणाला भेटायचं ते कळवावं, आम्ही स्वखर्चानं नागपूरला येतो.

आपला,
कोथरूड, पुणे इथला एक जंगलप्रेमी नागरिक