मुलांच्या पायातील गाठ : वेळेवर तपासणीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या रामबागेतल्या एका शाळकरी मुलीच्या पावलावर, अंगठ्याच्या मागे, सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती. एकाच पायातला बूट घट्ट होऊ लागला, तेव्हा आईने पट्टा सैल करून दिला. पाय मुरगळला असेल म्हणून लेप झाले. पुढे 'साधीच गाठ आहे' म्हणून ती काढली, आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला : सायनोव्हियल सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींचा कर्करोग. आता ती मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेत आहे.

हा आजार दुर्मीळ आहे, आणि फसवाही. गाठ वर्षानुवर्षे सावकाश वाढते. पावलात हाडे, स्नायुबंध, नसा आणि रक्तवाहिन्या एकमेकांना खेटून असतात. तपासणी न करता गाठ काढली, तर कर्करोगाच्या पेशी आजूबाजूला राहून जातात; मग दुसऱ्यांदा बरेच जास्त कापावे लागते, कधी पाऊलही वाचत नाही. म्हणून आधी एमआरआय, मग सुईने बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणे. तीही पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या सल्ल्यानेच व्हावी, कारण सुई गेलेली वाट नंतर गाठीबरोबर काढावी लागते. हा रोग फुप्फुसांत पसरू शकतो, म्हणून छातीचा सीटी स्कॅनही लागतो. शस्त्रक्रियेच्या जोडीला किमो किंवा रेडिएशन द्यायचे की नाही, हे डॉक्टरांचा चमू मिळून ठरवतो. वाढत्या हाडावर रेडिएशनचा परिणाम होतो, त्यामुळे मुलांच्या बाबतीत हा निर्णय फार जपून घेतात.

आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. रेल्वेतही स्लीपर आणि थर्ड एसीला कर्करुग्णाचे तिकीट माफ असते, सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. पण बाहेरून कराव्या लागणाऱ्या तपासण्या, मुंबईतले राहणे-खाणे आणि बापाची बुडालेली रोजंदारी, हे कोण भरणार? पाय गमवावा लागलेल्या मुलाला तर अंगाबरोबर कृत्रिम पायही बदलत न्यावा लागतो.

म्हणून मंडळाच्या रुग्णसाहाय्य निधीत मुलांसाठी वेगळे खाते ठेवत आहोत. पहिला खर्च एमआरआयचा : पैशासाठी ही तपासणी एक आठवडाही थांबू नये, असा आमचा आग्रह आहे. रक्कम कितीही असो, पावती मिळेल आणि वार्षिक सभेत हिशेब मांडला जाईल. आपल्यापैकी अनेकांचे नातलग दादर-परळला राहतात. त्यांच्याकडे चार दिवस एखादी खोली मिळाली, तरी आम्हाला ती पैशाइतकीच मोलाची आहे.

आणि पालकांना कळकळीची विनंती : मुलाच्या पायातली गाठ वाढत असेल, खोल असेल किंवा काढूनही पुन्हा आली असेल, तर दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते तपासणीनंतर ठरू द्या. तपासणीचा खर्च झेपत नसेल तर संकोच न करता आमच्याकडे या. मुलांची नावे आम्ही कुठेही जाहीर करत नाही.

देणगी रोख किंवा धनादेशाने मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी स्वीकारली जाईल.

आपले,
रुग्णसाहाय्य समिती, इंदूर