आई-बाबा, भांड्यांच्या मशीनबद्दल

बंगळूर

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेल्या तिन्ही माहितीपत्रकांचे फोटो नीट वाचले. फोनवर डिशवॉशरचा विषय निघाला की आई "मला नको ते मशीन" म्हणते आणि बोलणं तिथंच थांबतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. आई, तूसुद्धा पूर्ण वाच आणि मग काय ते सांग.

डॉक्टरांनी तुला गार पाण्यात हात घालणं आणि जोर लावून घासणं कमी करायला सांगितलं आहे. मावशी सकाळी एकदाच येतात. रात्रीची भांडी तू घासतेस, नाहीतर तू झोपल्यावर बाबा दुखऱ्या गुडघ्यावर उभं राहून घासतात. दोघंही एकमेकांच्या नकळत मला हे सांगता. मला त्याचा फार त्रास होतो, आणि इतक्या लांबून मी करू शकेन अशा थोड्या गोष्टींपैकी ही एक आहे.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न होता, कंपनी कोणती घ्यायची? मी म्हणेन, ते सगळ्यात शेवटी ठरवू. आधी आपलं पाणी बघू. सोलापुरात महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं, मधल्या दिवसांत बोअर चालते. बोअरच्या पाण्यानं नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, गीझरची कॉइल खराब होते, ते तुम्ही बघताच. तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार. तेच पाणी गरम करून भांड्यांवर मारलं तर स्टीलवर पांढरे डाग राहणार. म्हणून डिशवॉशरच्या तळाशी एक टाकी असते. तिच्यातलं रेझिन, म्हणजे बारीक मण्यांसारखा पदार्थ, पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि त्याबदल्यात सोडियम सोडतं. रेझिन भरत आलं की खास मीठ त्याला पुन्हा ताजं करतं. काही छोट्या, स्वस्त मशीनमध्ये ही टाकीच नसते. ती आपल्या घरासाठी पहिल्या फेरीतच बाद.

तुम्ही फिल्टरवाल्याच्या टीडीएस मीटरचा आकडा पाठवलात, पण त्यावरून काम होणार नाही. तो मीटर पाण्यात विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतो. मशीनला लागतो तो फक्त जडपणा, म्हणजे त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा भाग. त्याच्या कागदी पट्ट्या किंवा थेंबांची किट मिळते. बोअरचं आणि नळाचं, दोन्ही पाणी तपासा. माहितीपुस्तकात बहुतेक जर्मन अंश लिहिलेले असतात. एक अंश म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबानं लिटरमागे जवळपास १८ मिलिग्रॅम. बऱ्याच मशीनची मर्यादा ५० अंशांच्या आसपास असते, म्हणजे लिटरमागे ९०० मिलिग्रॅमच्या जरा आत. बोअरचं पाणी त्यापेक्षा जड निघालं तर मशीनला फक्त महापालिकेच्या पाण्याची टाकी जोडायची. ते परवडतं, कारण एका धुण्याला साधारण १० लिटर पाणी लागतं, आपल्या मोरीतल्या बादलीपेक्षाही कमी. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या गल्लीत मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पाण्याचीच आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. आपलं घर बैठं आहे आणि टाकी गच्चीवर. पाण्याच्या पातळीपासून नळापर्यंतच्या उंचीत दर मीटरला ०.१ बार दाब मिळतो. आपल्याकडे तो ०.३ ते ०.४ च्या घरात बसेल. काही मशीनना कमीत कमी ०.३ चालतो, काहींना ०.५ लागतो. कमी पडला तर मशीन पाणी भरता भरता थांबतं आणि चूक दाखवतं. त्यामुळे प्रत्येक मॉडेलच्या पुस्तकात हा आकडा शोधा. नाहीतर छोटा प्रेशर पंप बसवावा लागेल, आणि त्याचा खर्च आधीच धरलेला बरा.

सोलारचं गरम पाणी थेट जोडायची तुमची कल्पना मी सोडून द्यायला सांगेन. पुष्कळ मशीन ६० अंशांपर्यंतचं पाणी घेतात, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सोलार त्याच्याही वर जातं. शिवाय मशीनच्या पावडरमध्ये पिष्ट आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात, ती कोमट पाण्यात कामाला लागतात. पाणी हळूहळू तापलं तर त्यांना वेळ मिळतो. गार नळच जोडा.

आता भांडी. आई, तुझा आक्षेप हाच आहे ना, की ही मशीनं काचेच्या बशांसाठी केलेली, आपली भांडी त्यात काय निघणार? अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन नावाच्या बाईनं भांडी धुण्याचं मशीन बनवलं, २८ डिसेंबर १८८६ ला तिला पेटंट मिळालं. तिनं आधी आपल्या घरातल्या ताटल्या, कप, बशा मोजल्या, त्या मापाचे तारांचे कप्पे केले आणि मग भोवती यंत्र बांधलं. १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात तिची मशीनं तिथल्या उपाहारगृहांची भांडी धूत होती. आपणही तसंच करू, आधी आपली भांडी मोजू. माहितीपत्रकात १२, १३, १४ 'प्लेस सेटिंग' लिहिलंय, तो हिशोब युरोपातल्या जेवणाचा आहे: एका माणसाच्या बशा, कप, पेला, काटे-चमचे. त्यात आमटीचं पातेलं नाही, परात नाही, कढई नाही. म्हणून दोन माणसांच्या घराला ८ चं मशीन पुरेल हा दुकानदाराचा सल्ला मला पटत नाही. ताटं-वाट्या बसतील, पण दुधाचं पातेलं आणि कढई बाहेर राहतील, आणि घासायला खरी जड तीच.

मोठ्या मशीनच्या खालच्या कप्प्यात आपलं सगळ्यात मोठं ताट उभं राहतं का आणि वरच्या पाणी फवारणाऱ्या फिरत्या पात्याला लागत नाही ना, हे बघायलाच हवं. दुकानात जाताना ते ताट आणि मोठी कढई पिशवीत घालून न्या. अजिबात संकोच करू नका, एवढे पैसे द्यायचे तर भांडी ठेवूनच बघायची. वरचा कप्पा भरलेला असतानाही वरखाली करता आला पाहिजे. चमच्यांचा तिसरा ट्रे असेल तर तो काढता येतो का, तेही बघा. तो उंची खातो.

ज्वारीच्या पिठाची परात मी इथे स्वतः लावून बघितली आहे. वाळलेलं पीठ निघतं, मात्र हातानं सुटणारे गोळे आधी काढायचे आणि परात तिरकी, तोंड खाली करून लावायची. उष्टं-खरकटं फक्त झाडून टाकायचं, भांडी आधी विसळायची नाहीत. विसळून लावली तर पाणी उगाच जास्त जातं आणि कष्ट होते तिथंच राहतात. तेलकट रश्श्याचं पातेलं, कुकरचे स्टीलचे डबे, ताकाचा गंज, सगळं निघतं. खाली लागलेलं दूध मात्र आधी भिजत घालावं लागतं.

जे घालायचं नाही ते लक्षात ठेव. भाकरीचा लोखंडी तवा, कारण त्यात मुरलेलं तेल जाईल आणि गंज चढेल. पितळेची, तांब्याची भांडी आणि कल्हईचं पातेलं. पोळपाट-लाटणं, काटवट. आणि आपला जुना ॲल्युमिनियमचा कुकर, तो काळा पडतो. आजीचा तांब्या तर नकोच, तो हातानंच चिंचेनं घासायचा.

आता वाकण्याबद्दल, आणि माझ्या लेखी हे कंपनीपेक्षा किती तरी महत्त्वाचं आहे. हे मशीन साधारण ६० सेंटिमीटर रुंद, तितकंच खोल आणि ८५ सेंटिमीटर उंच असतं. जमिनीवर ठेवलं तर खालचा कप्पा घोट्यापासून जेमतेम वीतभर वर येतो. रोज तिथं वाकून जड पातेली काढायची, तर हात वाचवून आपण पाठ आणि गुडघा गमावू. म्हणून स्वयंपाकघरातल्या मोरीच्या कोपऱ्यात विटांचा फूटभर उंच चौथरा बांधून घेऊ. नळ तिथं आहे, निचरा तिथं आहे, आणि मशीन ओल्यातही राहणार नाही. चौथरा अगदी समपातळीत हवा आणि पुढच्या बाजूला मशीनचे पाय सरकू नयेत म्हणून कड हवी, कारण दार उघडून भरलेला कप्पा ओढला की सगळा भार पुढे येतो. घाण पाण्याची नळी थेट खाली सोडू देऊ नका. मशीनच्या तळापासून निदान ४० सेंटिमीटर वर नेऊनच ती निचऱ्यात सोडायची, नाहीतर आतलं पाणी आपोआप ओढलं जातं. १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग आणि पक्कं अर्थिंग. मोरीत अर्थिंगबाबत तडजोड नको, वायरमनकडून तपासून घ्या.

हे सगळं झालं की मग नावं. एलजीच्या १४ च्या मशीनमध्ये वाफ आहे, तिचा उपयोग जास्त करून काचेवरचे डाग टाळायला. आपल्या घरी काच किती? त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज मला वाटत नाही. मोबाइलवरून चालवायची सोयही नको. बॉशच्या मशीनमध्ये ७० अंशांचा कढईसाठीचा प्रोग्रॅम आहे, तो रश्श्याच्या भांड्यांना खरंच उपयोगी. आयएफबीकडेही गरम पाण्याचा जोरदार प्रोग्रॅम आहे आणि मीठ-पावडर ते स्वतःच विकतात. माझं मत १२-१३ सेटिंगच्या, आतून पूर्ण स्टीलच्या, जडपणा कमी-जास्त लावता येणाऱ्या मशीनकडे आहे. पण या दोघांतलं कोणतं, ते तुम्ही ठरवा, आणि ते अशा रीतीनं: सोलापुरात त्यांचा दुरुस्तीवाला गावातच राहतो की पुण्याहून येतो, हे विचारा. ज्यांच्या घरी ते मशीन आहे अशांना विचारा, दुकानदाराला नको.

बटणांवरची चित्रं चष्म्याशिवाय वाचता येतात का, तेही आईला उभं करून बघा.

खर्चाचं सांगते. मशीनला साधारण ४० ते ५० हजार, चौथरा आणि वायरिंग वेगळं. एका धुण्याला एक युनिटच्या आसपास वीज. गोळी, मीठ, चकाकीचा द्रव धरून मी रोजचे २५-३० रुपये धरते. गोळीपेक्षा पावडर स्वस्त पडते आणि भांडी कमी असली तर कमी घालता येते. इको प्रोग्रॅम तीन तासांहून जास्त चालतो म्हणून बंद करू नका. पाणी कमी तापवून वेळ जास्त द्यायचा, वीज वाचते ती त्यातूनच. दिवसभराची भांडी आत रचत जायची आणि रात्री जेवणं झाली की एकदाच लावायचं. पैसे मी देणार आहे. बाबा, यावर वाद घालू नका.

आई, मावशींचं काम जाईल ही तुझी काळजी मला कळते. त्यांचा पगार एक रुपयाही कमी करायचा नाही. तवा, कुकर, पितळेची भांडी, ओटा, हे सगळं आहेच, आणि वरच्या कप्प्यातले डबे काढणं, भाजी निवडणं यांत तुला त्यांची मदत होईल. त्यांच्याशी तूच आधी बोल, मशीन घरात यायच्या आत. कळलं तर तुझ्या तोंडून कळू दे.

बाबा, आता तीन मापं कळवा: गच्चीवरच्या टाकीपासून मोरीच्या नळापर्यंतची उंची, मोरीच्या कोपऱ्याची रुंदी-खोली, आणि सगळ्यात मोठ्या ताटाचा व्यास. पाण्याच्या पट्ट्या मी इथून पाठवते आहे, या आठवड्यात पोचतील. गणपतीला मी येतेच आहे. गवंडी त्याआधी येऊन गेला तर आपण तिघं मिळून दुकानात जाऊ.

आई, बोटं शेकत जा. बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

तुमची,
सुमी

ता. क. खास मीठ मिळालं नाही म्हणून घरातलं बारीक मीठ त्या टाकीत कधीही घालू नका. ते गोठून बसतं आणि रेझिन खराब होतं. जाड मीठसुद्धा नको. मी येताना पहिली पिशवी आणते.